चांदी खरी, नाणं खोटं



दिवाळी महिन्यावर आली की गटाच्या बैठकीत हप्ते आणि व्याजाचं बोलणं संपल्यावर जुन्या चांदीचा विषय हमखास निघतो. कुणाला लक्ष्मीपूजनासाठी राणीछाप रुपया हवा असतो. कुणाच्या घरी सासूबाईंच्या गळ्यातली रुपयांची माळ वाटणीला निघालेली असते, आणि यातले चार रुपये मधल्या मधे बदलले गेले अशी जावाजावांत कुजबुज चाललेली असते. आणि मग कुणीतरी हळूच सांगतं, की वाडीवर एक माणूस येऊन गेला. त्याच्याकडे जमिनीत सापडलेली फार पुरातन चांदीची नाणी आहेत. पाच-सहा जणींनी मिळून पैसे घातले तर निम्म्या भावात देतो म्हणाला.

आजचं आमचं बोलणं मुख्यतः या तिसऱ्या गोष्टीसाठी आहे. महिन्याच्या महिन्याला शंभर-दोनशे करून साठवलेले पैसे अशा व्यवहारात एका दुपारीत जातात. गेल्यावर बाई कुणाला सांगतही नाही, कारण घरचे तिलाच बोल लावणार. म्हणून आधीच बोलून ठेवलेलं बरं.

जुनं नाणं हातात आलं की प्रश्न दोन असतात. हे चांदीचं आहे का? आणि हे खरंच जुनं आहे का? विकणारा हे दोन्ही प्रश्न मुद्दाम एकात कालवतो. तुम्ही नाणं सोनाराकडे नेता, तो कसोटीवर घासून बघतो आणि म्हणतो, "आहे बाई, चांदीच आहे." तुम्हाला वाटतं, म्हणजे नाणं खरं. पण सोनाराने पहिल्याच प्रश्नाचं उत्तर दिलेलं असतं. आजच्या बाजारातली चांदी आटवून तिच्यावर दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाचा चेहरा उठवता येतो. चांदी खरी, नाणं खोटं. पुरातन नाण्याची जी मोठी किंमत सांगतात ती त्याच्या वयाची असते, धातूची फार थोडी. तेव्हा नकली माल करणाऱ्याला दोन-तीन ग्रॅम खरी चांदी वापरणं सहज परवडतं.

ही लबाडी आजची नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात टाकसाळीवरचा अधिकारी वेगळा आणि नाणी पारखणारा वेगळा सांगितला आहे. पारखणाऱ्याला तिथे रूपदर्शक म्हटलंय. चांदीच्या नाण्यात सोळा भागांपैकी अकरा भाग चांदी, चार भाग तांबं आणि एक भाग दुसरा कडक धातू, असं मिश्रणही तिथे दिलं आहे. खोटं नाणं पाडणाऱ्याला हजार पण दंड, आणि ते राजाच्या खजिन्यात घालणाऱ्याला देहदंड. एवढी कडक शिक्षा लिहावी लागली, यावरूनच धंदा किती चालत असेल ते समजा. त्या काळची, आत तांबं आणि वरून चांदीचा पत्रा चढवलेली नाणी आजही सापडतात. आता याला काय म्हणायचं? नाणं खोटं, पण दोन हजार वर्षांपूर्वीचं खोटं! संग्रहालयवाले तेही जपून ठेवतात.

आपल्याकडे गावोगाव पोतदार असायचा. आज ते आपल्याला आडनाव म्हणून माहीत आहे. पण पोतदाराचं कामच मुळी नाणी पारखण्याचं होतं. सारा भरताना आलेला रुपया खरा की खोटा, हे तो सांगायचा. तो काय बघायचा? वजन, आवाज, कड आणि रंग. आज आपणही तेच बघायचं आहे.

सुरुवात घरातल्या रुपयापासून करू, कारण तो बहुतेकींनी हातात धरलेला असतो. इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया 11.66 ग्रॅम वजनाचा होता. जुना तोळा तो हाच. आपल्या आज्या रुपयाभार हळद, दोन रुपयेभार साखर असं मोजायच्या, ते उगीच नाही. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर असायचा. आजचा सराफी तोळा दहा ग्रॅमचा धरतात, तो यात मिसळू नका. रुपया वापरून झिजला तर वजन थोडं कमी भरेल, साडेअकरा ग्रॅम किंवा त्याहून किंचित खाली. पण आठ-नऊ ग्रॅमचा रुपया आला तर पुढे बघायची गरज नाही. आणि झिजून कुणाचं वजन वाढत नाही. मुखवटा झिजलेला आणि वजन बारा ग्रॅमच्या वर, असं असेल तर एक तर त्याला माळेची कडी डाख लावून जोडलेली आहे, नाही तर गडबड आहे.

जुन्या रुपयात शंभरातले जवळजवळ ब्याण्णव भाग चांदी असते. हा हिशेब 1940 च्या सुमारापर्यंतचा. महायुद्धाच्या काळात चांदी कमी पडली आणि सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. बाकी तांबं, निकेल आणि जस्त. त्या रुपयांच्या कडेवर उभ्या रेघांच्या मधोमध एक खाच असते आणि खाचेत बारीक नक्षी असते. ती नक्षी नकली नाणी रोखण्यासाठीच होती. म्हणून जॉर्ज राजाचा 1943 किंवा 1944 चा रुपया सोनाराने "निम्मी चांदी" म्हणून बाजूला काढला, तर लगेच त्याच्याशी भांडू नका, आणि जावेवरही आळ घेऊ नका. रुपया खरा आहे, चांदीच निम्मी आहे. 1947 साली तर वाघाचं चित्र असलेला रुपया निघाला, तो निकेलचा. त्यात चांदी नाहीच. तो लोहचुंबकाला चिकटतो. माळेत असा एखादा रुपया निघाला तर समजा, की तुटलेली जागा भरायला कुणीतरी तो ओवला.

लोहचुंबकाचं निघालंच आहे तर सांगून टाकतो. चुंबक लावून बघा, पण त्यावर विसंबू नका. चिकटलं तर चांदी नाही, एवढं नक्की. नाही चिकटलं तर काहीच सिद्ध होत नाही. तांबं, पितळ, शिसं, जर्मन सिल्व्हर, यातलं कुणीच चुंबकाला चिकटत नाही. आणि जर्मन सिल्व्हर हे नुसतं नाव आहे. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं. चांदीचा कणही नसतो.

वजनाची पुढची परीक्षा पाण्यातली. ही आम्हाला सगळ्यात आवडते, कारण हिला ॲसिड लागत नाही आणि नाण्यावर ओरखडाही उठत नाही. चांदी पाण्याच्या साडेदहा पट जड. जुन्या रुपयात थोडं तांबं असल्याने तो सव्वादहा-साडेदहा पटीच्या दरम्यान येतो. पितळ आणि जर्मन सिल्व्हर साडेआठ पटीच्या आसपास. तांबं नऊ पट. हा फरक घरी मोजता येतो. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा लागेल, आणि एका रुपयाऐवजी दहा रुपये एकदम घ्या. समजा दहा रुपयांचं वजन 116 ग्रॅम भरलं. आता काचेच्या भांड्यात पाणी घेऊन ते काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. दहा रुपये बारीक जाळीच्या तुकड्यात बांधा आणि दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडतील असे लटकते धरा. भांड्याच्या तळाला टेकू द्यायचे नाहीत, कडेला लागू द्यायचे नाहीत, आणि अडकलेले बुडबुडे हलवून काढायचे. काटा आता जो आकडा दाखवेल, त्याने 116 ला भागा. काटा अकरा-सव्वाअकरा दाखवत असेल तर भागाकार सव्वादहाच्या पुढे येतो. ही चांदी. काटा साडेतेरा-पावणेचौदा दाखवायला लागला तर भागाकार साडेआठवर घसरतो. पितळ नाही तर जर्मन सिल्व्हर. निम्म्या चांदीचे युद्धातले रुपये साडेनऊच्या आसपास येतात, ते वेगळे काढून मोजा. गटात आठवी-नववीतली एखादी मुलगी असेल तर तिला हिशेबाला बसवा. शाळेत आर्किमिडीज शिकतातच, इथे उपयोग होईल.

आता आवाज. आपण म्हणतो ना, नाणं खणखणीत वाजलं पाहिजे. जुने दुकानदार रुपया दगडी फरशीवर टाकून वाजवून घ्यायचे. चांदीचा रुपया बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या रुपयाने हलकेच टिचकी दिली तर लांबत जाणारा गोड नाद येतो. शिसं असेल तर थप्प. पण ही परीक्षा राणीछाप रुपयालाच लावा. शेकडो वर्षं जमिनीत राहिलेली चांदी आतून ठिसूळ होते. ती बद्द वाजते, आणि फरशीवर टाकली तर बिस्किटासारखी मोडते. खरं पुरातन नाणं खोटं ठरेल आणि वर तुटेलही.

राणीछाप रुपयाची आणखी एक खूण वाचता येणाऱ्या मुलीला दाखवा. व्हिक्टोरिया राणी 1876 पर्यंतच्या रुपयांवर 'क्वीन' आहे आणि 1877 पासून 'एम्प्रेस' झाली. 'एम्प्रेस' लिहिलेला आणि खाली 1862 साल असलेला रुपया कुणी दाखवला, तर तो राणीच्या टाकसाळीतला नाही. दिवाळीच्या तोंडावर राणीच्या चेहऱ्याचे नवेकोरे चकचकीत 'रुपये' बाजारात येतात. विकणारा ते नवीन म्हणून, वजनावर आणि पावतीवर विकत असेल तर त्यात फसवणूक नाही. पूजेला चालतात. जुन्याचा भाव मात्र द्यायचा नाही.

आता खऱ्या कसबाकडे येऊ, म्हणजे कड बघणं. खरं नाणं ठोकून पाडलेलं असतं. धातूची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि घण मारायचा. इंग्रजांनी हेच काम यंत्राने केलं. बहुतेक स्वस्त नकली नाणी ठोकलेली नसतात, ओतलेली असतात. खऱ्या नाण्याचा साचा घ्यायचा आणि त्यात पातळ धातू ओतायचा. ओतलेल्या वस्तूच्या खुणा तुम्हाला माहीत आहेत. साच्यातून काढलेल्या मोदकाला साच्याचे भाग जिथे मिळतात तिथे रेघ येते की नाही? तशीच रेघ ओतीव नाण्याच्या कडेला येते. नकली करणारा ती कानशीने घासतो, मग घासल्याच्या खुणा राहतात. अक्षरांच्या कडा बोथट दिसतात, जणू नाण्यावर साय धरली आहे. सपाट भागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. धातू ओतताना अडकलेल्या हवेचे ते बुडबुडे. एक चांगलं भिंग घ्या. आमच्या मते गटाच्या पेटीत वजनकाट्याच्या शेजारी भिंग असायलाच हवं. वीजबिलातली बारीक अक्षरं वाचायलाही ते कामाला येतं.

आणखी एक खूण आहे. तिच्यापुढे आम्हाला बाकी सगळ्या फिक्या वाटतात. हाताने लाटलेल्या दोन पोळ्या कधी हुबेहूब सारख्या होत नाहीत. एक जरा लांबट, दुसरीची कड फाटलेली. हाताने ठोकलेल्या पुरातन नाण्यांचं तसंच. ठसा कधी डावीकडे सरकतो, कधी चकती अपुरी पडते. आता कुणी तुमच्यापुढे वीस 'पुरातन' नाणी ओतली, तर प्रत्येक नाणं वेगवेगळं बघू नका. एकमेकांशेजारी लावून बघा. दोन नाण्यांवर राजाच्या गालावर एकाच जागी सारखाच ओरखडा असेल, कडेला एकाच जागी सारखीच चीर असेल, तर ती एकाच साच्याची लेकरं आहेत. साचा नाण्याबरोबर त्याची जखमही उचलतो. यासाठी काटा नको, पाणी नको, नुसते डोळे पुरतात.

मग येतो रंग. जमिनीतून निघालेली चांदी काळी असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे, नकली करणाऱ्यालाही. चांदी काळी पडते ती गंधकामुळे. उकडलेलं अंडं सोलून चांदीच्या वस्तूबरोबर बंद डब्यात ठेवलं तरी ती काळवंडते. मग कारखान्यात औषध लावून काळी करायला कितीसा वेळ लागणार? फरक असा बघा. खरा काळेपणा खोलगट जागी दाट असतो, उंचवट्यावर विरळ, आणि नाण्यात मुरलेला असतो. औषधाचा काळेपणा सगळीकडे सारखा, आणि कितीदा बोटाला लागतो. खारवट जमिनीत राहिलेल्या चांदीवर राखाडी-जांभळट कठीण खपली धरते. मिश्रणातल्या तांब्यामुळे हिरवे ठिपकेही येतात. हिरवं दिसलं म्हणून लगेच "ही चांदीच नाही" म्हणून फेकून देऊ नका.

झीजही नकली करता येते. दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीत बेकर नावाचा एक कसबी माणूस होता. पुरातन ग्रीक आणि रोमन नाण्यांचे ठसे तो स्वतः कोरायचा आणि खऱ्या चांदीवर ठोकायचा. नाणी नवी दिसू नयेत म्हणून लोखंडाच्या किसाने भरलेल्या पेटीत ती ठेवून पेटी घोडागाडीखाली बांधायचा आणि खडबडीत रस्त्यांवर गाडी फिरवायचा. गाडीच्या हादऱ्यांनी नाणी हजार वर्षं हाताळल्यासारखी दिसायला लागत. तो नाणी ओतत नव्हता, ठोकत होता, त्यामुळे कडेची रेघ नाही, बुडबुडे नाहीत. मोठमोठे संग्राहक फसले. त्याचे ठसे पुढे बर्लिनच्या संग्रहालयात जमा झाले. हे सांगायचं कारण, की आपल्या घरगुती परीक्षा स्वस्त नकली माल पकडायला पुरतात, आणि गावात येतो तो बहुधा स्वस्तच माल असतो. पण 'या परीक्षेत पास झालं म्हणजे पुरातन ठरलं' असा अर्थ काढू नका. मोठ्या सराफाकडे क्ष-किरणांचं यंत्र असतं, तेही चांदी किती ते सांगतं, वय सांगत नाही. आणि तेही वरच्या पातळ थराचंच, जाड मुलामा असेल तर आतलं तांबं त्याला दिसत नाही.

खरी पुरातन नाणी दिसतात कशी, तेही थोडं सांगतो. आपल्या देशातली फार जुनी चांदीची नाणी म्हणजे आहत नाणी. साधारण साडेतीन ग्रॅमची, पातळ पत्र्यातून कापलेली, वाकडीतिकडी. वजन जुळवायला कोपरे छाटलेले. त्यांवर सूर्य, टेकडी, झाड, हत्ती असे छोटे छोटे ठसे वेगवेगळे मारलेले. राजाचं नाव नाही, अक्षर नाही, साल तर नाहीच. ख्रिस्तपूर्व अमुक असं साल घातलेलं नाणं कुणी दाखवलं तर हसून घ्या. पाडणाऱ्याला ख्रिस्त पुढे जन्मणार हे कुठून कळणार!

आपल्या भागाशी जवळची म्हणजे क्षत्रप राजांची नाणी. आजच्या रुपयापेक्षा लहान, सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला राजाचं मस्तक, काहींच्या दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथे 1906 साली नहपान नावाच्या क्षत्रप राजाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकाच ठिकाणी सापडली. त्यातल्या जवळजवळ दोन-तृतीयांश नाण्यांवर, नहपानाच्या चेहऱ्यावरूनच, गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. मुलगा गेल्यावर, नातू राज्य करत असताना या म्हाताऱ्या बाईने तो कोरवून घेतला आणि त्यात आपल्या मुलाने क्षहरात कुळाचा, म्हणजे नहपानाच्या वंशाचा, नाश केला असं सांगितलं. आई मुलाचं कौतुक करणारच, असं कुणी म्हणू शकलं असतं. जोगलटेंभीच्या चांदीने आईची साक्ष खरी ठरवली. हरलेल्याच्या नाण्यावर जिंकलेल्याचा ठसा. ती नाणी सोनाराच्या मुशीत गेली असती तर चार-पाच घरांत पैंजण झाले असते आणि या म्हातारीच्या शब्दाला पुरावा राहिला नसता.

म्हणून एक विनंती. नांगरताना, पाया खणताना, विहिरीचा गाळ काढताना तुम्हाला काही सापडलं तर ते राखेने, चिंचेने, रांगोळीने घासू नका. आपल्याला चकचकीत करायची सवय आहे, हात शिवशिवतात. पण त्या काळ्या थरातच त्याच्या खरेपणाची खूण असते, आणि घासताना अक्षरंही जातात.

आता त्या वाडीवर आलेल्या माणसाकडे वळू. त्याची गोष्ट ठरलेली असते. आम्ही गरीब मजूर, जुना वाडा पाडताना हंडा सापडला, सराफाकडे नेला तर पोलीस पकडतील, बहिणीसारख्या वाटता म्हणून तुम्हाला सांगतो. तो एक-दोन नाणी तुमच्या हातात ठेवतो आणि स्वतःच म्हणतो, "तुमच्या सोनाराला दाखवून या." ही नाणी खरी असतात. तुमचा विश्वास बसतो. मग पैसे घेऊन कुठेतरी आडबाजूला बोलावतात, संध्याकाळची वेळ, घाई, "लवकर करा, कुणी येईल." पिशवी हातात पडते, आणि पिशवीतला माल दुसराच असतो.

नाणी पारखण्याआधी ही गोष्टच पारखून बघा. ती खरी असेल तर माल सरकारला न कळवता लपवलेला आहे, आणि तो विकत घेऊन तुम्ही त्या लफड्यात पाय घालता. ती खोटी असेल तर तुमचे पैसे बुडाले. फायद्याची तिसरी वाट त्यात नाही. त्याचं हत्यार एकच, गुपित. "कुणाला सांगू नका" हे शब्द ऐकले की त्याच दिवशी गटात सांगा. खरा माल विकणाऱ्याला दिवसाउजेडी, चार जणींसमोर, वजनकाटा आणि भिंग मांडून व्यवहार करायला अडचण नसते. प्रत्येक नाणं तपासू द्यायला तो तयार नसेल तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

याच जातीचे आणखी दोन प्रकार आहेत. एका बाजूला रामदरबार किंवा हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि 1818 किंवा त्याहूनही जुनं साल, अशी नाणी फिरतात. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. देवाचं चित्र आहे म्हणून भक्तीने ठेवायचं तर ठेवा, पण त्याला ना पुरातन किंमत आहे ना कसली शक्ती. अशाच नाण्याकडे तांदळाचे दाणे ओढले जातात असं दाखवून लाखोंची बोली लावतात. परदेशी शास्त्रज्ञ विकत घेतात म्हणे! नाण्यात चुंबक आणि दाण्यांत लोखंडाचा कीस असला की दाणे ओढले जाणारच. दुसरा प्रकार मोबाइलवरचा. तुमच्या जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी कमिशन भरा, कर भरा, रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे. रिझर्व्ह बँकेने 2021 साली जाहीरच केलं, की आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि कसलं शुल्कही मागत नाही. कुणी असे पैसे भरले असतील तर लाज न धरता लगेच 1930 या नंबरवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

राहिलं कायद्याचं. जमिनीत लपलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी, असा 1878 सालचा निखात निधीचा कायदा आहे आणि तो अजून चालू आहे. न कळवता लपवून ठेवलं तर आपला वाटा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. कळवलं तर मात्र हाती काहीच लागत नाही, असा आपल्याकडे जो समज आहे तो चुकीचा आहे. त्या धनावर कुणाचा हक्क सिद्ध झाला नाही, तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा, असं कायद्यात आहे. सरकारने स्वतः ठेवून घ्यायचं ठरवलं तर धातूची किंमत आणि तिच्या एक-पंचमांश अधिक रक्कम द्यावी लागते. दुसऱ्याच्या शेतात मजुरीला गेलेल्या बाईच्या खुरप्याला काही लागलं, तर सापडणारी तीच. शेतमालकाने दरडावलं तरी हे विसरू नका. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतं. ते परदेशी पाठवता येत नाही, आणि त्याचा व्यापार करायला परवाना लागतो. घरची माळ घरात ठेवायला आडकाठी नाही.

नाण्यांचं वय समजून घ्यायची हौस असेल, तर त्र्यंबकेश्वरला जाताना वाटेत अंजनेरीला नाणेशास्त्राच्या अभ्यासाची संस्था आहे, तिथे नाण्यांचं संग्रहालय आहे. गटाची सहल त्र्यंबकला जाणार असेल तर तासभर तिथे काढा. खरी आहत नाणी एकदा डोळ्यांनी पाहिली की नकली माल आपोआप खटकायला लागतो.

आणि अर्जाचं सांगायचं राहिलं. काही सापडलं तर ते होतं त्याच जागी ठेवून, सोबत पट्टी किंवा काडेपेटी ठेवून मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा. दिवस, गट नंबर, किती खोल आणि किती नग, हे कागदावर लिहा. ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि गटातल्या दोघी जणींच्या समोर नग मोजा, त्यांच्या सह्या घ्या. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे करा आणि तहसील कार्यालयात द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोहोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.